शाहिराचं घर

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात एक मुलगा जन्मला. तीन वर्षांनी, ३ सप्टेंबर १९२३ला, वाईजवळच्या पसरणीत दुसरा. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पसरणी साताऱ्यात. तेव्हा मात्र दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्याची होती. १९४९ साली त्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६०मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे पुढे अण्णाभाऊ झाला. पसरणीचा कृष्णा गणपत साबळे शाहीर साबळे झाला. दोघांना मुंबईनं घडवलं, दोघांनी पदरचं घालून कलापथक उभं केलं, दोघांच्या कवनांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवल्या. एकाची श्रद्धा मार्क्स आणि आंबेडकरांवर, दुसऱ्याची साने गुरुजींवर आणि खंडोबा-विठोबाच्या गाण्यांवर. दोघांनाही बायका-मुलं होती, संसार होता. लोकांनी त्यांच्या गाण्यांवर जीव टाकला. पण गाणं लोकांचं झालं, तेव्हा घराचं काय झालं? या लेखात मला तेवढंच शोधायचं आहे.

हे आत्ताच लिहायला घेण्याला कारण आहे. कऱ्हाड, विटा, तासगाव, मिरज, फलटण, कुठेही जा, कॉलेजच्या वयाची पोरं मोबाईलवर बीट लावून मराठीत रॅप लिहिताना दिसतात. कुणाच्या पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही. गोधडी अंगावर घेऊन खोलीचा घुमणारा आवाज दाबायचा, हेडफोनच्या माइकमध्ये गायचं, मित्रानं शेतात किंवा घाटात व्हिडिओ काढायचा, झालं गाणं. घरची माणसं विचारतात, याच्यावर पोट कसं भरणार? प्रश्न खोटा नाही. पण तो या दोन जिल्ह्यांत पहिल्यांदा विचारला जात नाही. शंभर-सव्वाशे वर्षं कृष्णाकाठच्या घराघरांतून तो विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरंही इथेच पडून आहेत.

हिप-हॉपची जन्मतारीख ११ ऑगस्ट १९७३ अशी सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली. तिचा भाऊ डीजे कूल हर्क यानं गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवला आणि त्या तालावर लोकांना उद्देशून बोलणं सुरू झालं. गरीब वस्ती, हाताशी असेल ते वाद्य, समोरच्या माणसाशी थेट बोलणं आणि स्वतःचं नाव गाण्यात गुंफणं. आपल्याकडे हे सगळं डफ-तुणतुण्यावर चालू होतं. शाहीर शेवटच्या कडव्यात आपल्या नावाची छाप घालतो. मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याला दमही देतात आणि दमही घेऊ देतात. कलगी-तुऱ्याचे सामने रात्रभर चालत. एक बाजू शक्तीची, दुसरी शिवाची. एकानं छंदात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच छंदात जागच्या जागी जबाब द्यायचा. उत्तर सुचलं नाही तर हरलेल्याचा डफ जिंकणारा घेऊन जाई. आजच्या रॅप बॅटलमध्ये हरणाऱ्याची इभ्रत जाते, तेव्हा इभ्रतीबरोबर पोटाचं साधनही जायचं.

ते साधन तरी केवढं! तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला कातडं, वर खुंटी आणि मधून ताणलेली एकच तार. हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं कातडं. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग जत्रेत देवळाच्या मागे दोघंतिघं पाचोळा आणि कागद पेटवतात, हलगी त्या धगीवर धरून फिरवतात, मधूनच बोटानं टिचकी मारून कानाला लावतात. कातडं कडक झालं, आवाज टणकारला की एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी घेऊन हलगीवाला उभा राहतो. त्या पहिल्या कडकडाटाला सगळं पटांगण वळून बघतं. एवढ्या भांडवलावर माणसं राजकारणाला आणि जातीला भिडली.

वाळवा तालुक्याचं एक नवल आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र याच तालुक्यात, अण्णाभाऊंचं वाटेगाव याच तालुक्यात आणि पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्षही याच तालुक्यात. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा. घरी कुलकर्णीपण, म्हणजे गावाच्या दप्तराचं वतन. असा ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला आणि गेला तो कायमचा. पवळाबाई हिवरगावकर या महार समाजातल्या कलावतीबरोबर तो बोर्डावर उभा राहिला. जात गेली, घर गेलं, वतन गेलं. लावण्या आणि वग मात्र असे लिहिले की पुढच्या पिढ्यांचे फड त्यावर जगले.

बापूरावांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास त्यांनी आपल्या तमाशाच्या काही खेळांचं उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या समाजातल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, हे त्यांचं म्हणणं होतं. देणाऱ्याची भावना खरी होती आणि नाकारणाऱ्याचं कारण त्याहून खरं होतं. कलावंत स्वतंत्र झाला म्हणजे त्याच्याबरोबर उभी असलेली बाईही स्वतंत्र झाली असं होत नाही. तिकीट कुणाच्या नावावर विकलं जातं, गल्ला कुणाच्या हातात जातो आणि कमीपणा कुणाच्या वाट्याला येतो, हे तीन प्रश्न बाबासाहेबांच्या त्या नकारात आहेत. आजच्या रॅप गाण्यांच्या व्हिडिओत मागे नाचणाऱ्या मुलींकडे पाहतानाही ते मनात येतात. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात विपन्नावस्थेत गेले. पाचच वर्षांनी, १९५०मध्ये, त्यांच्या नावाचा चित्रपट आला.

आता वाटेगावकडे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून आत वळलं की उसाच्या पट्ट्यातलं हे गाव लागतं. गावात अण्णाभाऊंचं स्मारक आहे. त्यांचा जन्म मांगवाड्यात झाला. ज्या जातीवर इंग्रज सरकारनं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, रोजची हजेरी लावली होती, त्या जातीत. त्यांच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. सरकारी खजिना लुटून आलेल्या फकिरा या बंडखोरानं बाळंतिणीच्या घरी ओंजळभर रुपये टाकले. गोष्ट खरी असो वा गावानं घडवलेली, त्या पोरानं मोठेपणी 'फकिरा' ही कादंबरी लिहून ती ओंजळ फेडली एवढं नक्की.

वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करत. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध दीड दिवसाचा. साधारण १९३१-३२च्या सुमाराला बापानं बायकापोरांना मुंबईला न्यायचं ठरवलं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून कुटुंब पायी निघालं. वाटेत मिळेल ते काम करायचं, मजुरी हातात पडली की पुढची वाट धरायची. बाप आणि मुलगा यांचा हा प्रवास मला त्यांच्या सगळ्या साहित्याच्या मुळाशी दिसतो. आपल्या बापाला लेकरांना चालवत न्यावं लागलं, हे ज्यानं अकरा-बारा वर्षांच्या वयात पाहिलं, त्याच्या कवनांत पुढे मजूर येतो तो दया मागायला येत नाही. तो हिशेब मागायला येतो.

मुंबईत त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं जुळवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्ते भेटले. मधल्या काळात गावाकडे येऊन नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात राबले, वाद्यं हाताळली, सोंगं काढली. पार्टीनं विचार दिला आणि तमाशानं तो विचार रात्री बारा वाजता दमलेल्या माणसाला जागं ठेवून कसा सांगायचा हे शिकवलं. १९४४मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख बार्शीचे, जन्मनाव मेहबूब हुसेन पटेल. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या तिघांची ती फळी होती. स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा गिरणगावात गाजला. बंगालच्या दुष्काळावर कवन झालं. रशिया आणि बंगाल कधीच न पाहिलेल्या कामगारांना ती माणसं आपली वाटू लागली.

इथे श्रद्धेचा मुद्दा येतो. तमाशाची सुरुवात गणानं होते, गणपतीला आवाहन करून. मग गवळण, बतावणी आणि वग. अण्णाभाऊंनी गणातलं वंदन बदललं. त्यांनी मायभूमीला, छत्रपती शिवाजी महाराजांना, देशासाठी मेलेल्यांना आणि राबणाऱ्यांना नमन केलं. गवळण गाळून टाकली. ते नास्तिकाचं मिरवणं नव्हतं. ज्या कष्टकऱ्याला देवळाच्या पायरीवर थांबवलं जात होतं, त्यालाच त्यांनी नमनाच्या जागी उभं केलं. पुढे २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना त्यांनी सांगितलं की ही पृथ्वी शेषाच्या डोक्यावर तरलेली नाही, ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. तळहात हाच त्यांचा देव होता. १९५९ला आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मार्क्स आणि आंबेडकर यांच्यात त्यांना निवड करावीशी वाटली नाही. अनेकांना ती विसंगती वाटते. मला ती वाटेगावच्या माणसाची सहज बुद्धी वाटते, कारण त्याच्या पोटावर आणि जातीवर एकाच वेळी घाव पडत होते.

सरकारनं लाल बावटावर बंदी घातली. तमाशाच्या खेळांवर सेन्सॉरची कात्री आली. तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली आणि गाडा चालू ठेवला. १९४९मध्ये ते इप्टा या देशव्यापी नाट्यसंघटनेचे अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली. मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याची बायको गावी राहिली, हा विरहाचा जुनाच विषय. त्यात बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याची सल त्यांनी अशी मिसळली की राजकीय मागणी हजारो घरांचं खासगी दुःख झाली. गिरणगावातल्या जवळपास प्रत्येक खोलीत असा एक गडी राहत होता. त्या गड्यांना हे गाणं आपल्यासाठी लिहिलंय असं वाटलं, आणि ते खरंच होतं. पाठीराखे असे तयार होतात.

आणि घर? घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडी. 'फकिरा'ला १९६१मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच साली ते रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिलं. कथांवर चित्रपट निघाले. तरी पत्ता वर्षानुवर्षं तोच राहिला. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठली नसताना, ते गेले. तीन मुलांचा बाप, पस्तीसच्या आसपास कादंबऱ्यांचा लेखक, आणि हातात काही नाही. त्यांच्या दारिद्र्याला तेज वगैरे चिकटवणारे लेख मी वाचले आहेत. त्यात मला काही तेज दिसत नाही. प्रकाशक, निर्माते, पक्ष आणि वाचक या सगळ्यांनी मिळून त्यांचं देणं थकवलं. २००२ साली टपाल खात्यानं चार रुपयांचं तिकीट काढलं. २०२२मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. चांगलंच झालं. पण १९६०च्या दशकात नियमित मानधन पोहोचलं असतं, तर त्यांच्या हातून आणखी किती लिहून झालं असतं, याचा हिशेब कोणत्याही पुतळ्यापाशी मिळत नाही.

पसरणी याच्या अगदी उलट चित्र दाखवते, म्हणून मला हे दोन शाहीर शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. वाईहून पाचगणीला जाताना घाट सुरू होतो तो पसरणीचा. खाली कृष्णेचं खोरं, गावात भैरवनाथाचं देऊळ. साबळ्यांचे वडील माळकरी, शेतकरी, भजनात रमणारे. गाणं पोराला घरातच मिळालं. शिकायला त्याला अमळनेरला आजीकडे पाठवलं. शिक्षण सातवीच्या पुढे गेलं नाही, पण अमळनेरात त्याला साने गुरुजी भेटले, आणि ती भेट आयुष्यभर पुरली.

गुरुजींचा धर्म देवळाच्या आत होता आणि देवळाच्या दारावर उभ्या असलेल्या माणसासाठी होता. साबळ्यांनी तो शब्दशः घेतला. त्यांनी आपल्याच गावातलं भैरवनाथाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं केलं. त्या वेळी साने गुरुजी, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील आणि कर्मवीर भाऊराव पाटील हजर होते. ही चार नावं एका गावच्या देवळासमोर उभी आहेत, हे दृश्य साताऱ्याच्या शाळांतून मुलांना सांगितलं पाहिजे. परक्या गावात जाऊन समतेचा पोवाडा गाणं सोपं असतं. ज्या गावात आपली भावकी आहे, सोयरीक आहे, बांधाला बांध आहे, तिथे देवळाचं दार उघडायला लावणं फार अवघड. अण्णाभाऊंनी गणातला देव बदलला; साबळ्यांनी देव तोच ठेवला आणि त्याचं दार बदललं. मला दोन्ही वाटा तितक्याच मोलाच्या वाटतात.

साबळ्यांचा आवाज पहाडी. स्वातंत्र्याची चळवळ, गोवामुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळीकडे तो पोहोचला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत आणि साबळ्यांचा गळा यांतून 'जय जय महाराष्ट्र माझा' उभं राहिलं. १९ फेब्रुवारी २०२३पासून ते राज्यगीत आहे. पण एका गाण्यापुरते साबळे ओळखले जावेत हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९६०मध्ये 'यमराज्यात एक रात्र' करून त्यांनी मुक्तनाट्याची वाट पाडली. तमाशाचा मोकळेपणा, नाटकाची शिस्त आणि वर्तमानपत्राचा ताजेपणा त्यात एकत्र आला. 'आंधळं दळतंय' मुंबईतल्या मराठी माणसाच्या उपेक्षेवर बोललं, आणि त्याच काळात, १९६६मध्ये, शिवसेना उभी राहिली. एकनाथांचं विंचवाचं भारूड, कोळीगीतं, खंडोबाचा जागर, वासुदेव, गोंधळ हे सगळं वेचून त्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' बांधली. मुंबईत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत गेलेल्या मुलांना आपल्या आजोबांच्या गावची रात्र ऐकायला मिळाली ती या कार्यक्रमातून. फिरत्या रंगमंचाचाही प्रयोग त्यांनी केला. ध्वनिमुद्रिका काढल्या. लोककलावंतानं नव्या यंत्राला बिचकू नये, हे त्यांनी करून दाखवलं.

त्यांचं घरच कलापथक होतं. पहिल्या पत्नी भानुमती स्वतः कवयित्री. त्यांची गाणी शाहिरांनी गायली. मुलगा देवदत्त संगीतकार झाला. 'ही चाल तुरुतुरु'ची चाल त्यांची. मुलगी चारुशीला नाचली, अभिनेत्री झाली. लोकधारेत सुरुवातीला उभ्या राहिलेल्या पोरांत भरत जाधव होते, अंकुश चौधरी होते आणि शाहिरांचा नातू केदार शिंदेही होता. २८ एप्रिल २०२३ला केदार शिंदे यांनी 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आणला. त्यात आजोबांची भूमिका अंकुश चौधरींनी केली आणि भानुमतींची भूमिका त्यांच्याच पणतीनं, सना शिंदे हिनं. शाहिराचं बापपण घराच्या उंबऱ्याशी थांबलं नाही. लालबाग-परळच्या चाळीतून आलेली पोरं त्यांच्या तालमीत ठेका, उच्चार, आणि वेळेवर हजर राहणं शिकली. गुरूनं पोराला काय द्यावं? माझ्या मते, उभं राहायला जागा आणि नाव पत्रिकेवर. साबळ्यांनी दोन्ही दिलं.

अर्थात घर कलापथक होतं तेव्हा घराला घर म्हणून सुट्टी नसते. दौऱ्यावर गेलेला बाप, रात्री उशिरापर्यंत चालणारी तालीम, पाहुण्यांची आणि वादकांची पंगत, हे सगळं कुणीतरी रांधून वाढत होतं. आपल्याकडे शाहिरांच्या आत्मकथा आहेत, साबळ्यांचा 'माझा पवाडा' आहे. शाहिरांच्या बायकांनी लिहिलेली पुस्तकं त्या मानानं फारच थोडी आहेत. भानुमती नसत्या तर सुरुवातीच्या काळातले साबळे तसे झाले असते का, हा प्रश्न चित्रपटानं निदान पडद्यावर तरी आणला, याचं समाधान वाटतं. साबळ्यांना १९९८मध्ये पद्मश्री मिळाली आणि २० मार्च २०१५ रोजी, ९१ वर्षांचं भरलेलं आयुष्य जगून ते गेले.

या दोघांहून वेगळा, तिसरा एक मार्ग सांगलीजवळच्या कवलापूरचा. तिथले लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ महाराष्ट्राला काळू-बाळू म्हणून माहीत आहेत. त्यांच्या घरात तमाशा वडिलांच्या आधीपासूनचा. 'जहरी प्याला' या वगातल्या दोन हवालदारांनी त्यांना ही नावं दिली आणि ती खऱ्या नावांवर चढून बसली. सारखे दिसणारे दोघे एकाच वेशात समोरासमोर आले की कनातीतली गर्दी हसून लोटपोट व्हायची. फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसांचं कुटुंब. पावसाळ्यात घरी बसायचं, दसऱ्यानंतर बाहेर पडायचं, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या. पाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्यांची माणसं येतात, तारीख आणि रक्कम ठरते. कलावंताला हंगामाआधी उचल द्यावी लागते. त्यासाठी फडमालक कर्ज काढतो. अवकाळी पाऊस आला, निवडणूक लागली, गावात कुणी पुढारी वारला की खेळ रद्द, आणि व्याज मात्र चालू. २०२०मध्ये ऐन जत्रांच्या तोंडावर टाळेबंदी आली तेव्हा या कुटुंबांच्या चुली कशा पेटल्या असतील, हे ज्यानं त्यानं मनाशी आणावं. ज्यांना आपण 'स्वतंत्र कलावंत' म्हणतो, ते असे पावसावर आणि सावकारावर अवलंबून असतात.

पुन्हा आजच्या पोरांकडे. २०१९मध्ये 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि रॅप हा शब्द गावच्या आईवडिलांनाही कळू लागला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३मध्ये 'बिग बॉस'चा विजेता झाला. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' परदेशी कंपनीनं काढलं आणि मराठी शब्दांवर परक्या देशातली माणसं नाचली. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटातला एमसी मवाली मराठीतून व्यवस्थेला जाब विचारतो. एप्रिल २०२३मध्ये राज्यातल्या सत्ताबदलावर रॅप केलं म्हणून राज मुंगासे आणि जनतेच्या हालांवर रॅप केलं म्हणून उमेश खाडे यांच्यावर गुन्हे दाखल झाले. लाल बावटावरची बंदी ज्यांना इतिहासात वाटत होती, त्यांना ती पुन्हा दारात दिसली.

या पोरांचे पाठीराखे आता बोर्डासमोर बसत नाहीत, मोबाईलवर असतात. पूर्वी आवडलं की दौलतजादा व्हायची, नोट थेट कलावंताच्या हातात यायची. त्यात बाईचा अपमानही असे, म्हणून ती पद्धत परत यावी असं मी म्हणणार नाही. पण आज अंगठ्यानं दिलेली दाद पोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशात नेहमीच्या मार्गानं वाटा मिळायचा तर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. तोवर घरची माणसंच मायबाप. गाणं कायद्यानं लिहिणाऱ्याचं असतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घेतलं तर तो वसूलही होतो. गावाकडच्या किती पोरांना हे कुणी सांगितलं आहे? अण्णाभाऊंना असा करार आणि असा हक्क मिळाला असता, तर चिरागनगरची झोपडी तरी लवकर सुटली असती. म्हातारपणी कलावंतांना राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाच्या योजनेतून महिन्याला ५,००० रुपये मानधन मिळतं. ते हवंच. पण चाळिशीतल्या बापाला मुलीची फी भरायची असते, तेव्हा म्हातारपणाचं मानधन कामाला येत नाही.

मला या मुलांकडून एक मागणं आहे, आणि ते प्रेमापोटी आहे. नुसतं आपलं नाव आणि आपली गाडी यावर किती गाणी करणार? वाळवा तालुक्यात ऊस आहे, तोडणी आहे, बीडहून आलेल्या टोळ्यांची पाचटाच्या खोपटात राहणारी लेकरं आहेत. जत-आटपाडीचं पाणी आहे. २०१९च्या पुरात सांगलीत बोटीतून बाहेर काढलेल्या आजीबाई आहेत. माण-खटावच्या मेंढरांमागे गेलेले बाप आहेत. ऐकणाऱ्याला आपलं घर त्या गाण्यात दिसलं की तो आयुष्यभर साथ सोडत नाही. 'माझी मैना' याच रस्त्यानं लोकांची झाली.

वाचकांकडून मागणं जास्त आहे. माघापासून गावोगावच्या यात्रा सुरू होतात. तुम्ही यात्रा कमिटीत असाल तर शाहिराची, फडाची किंवा रॅप करणाऱ्या पोराची ठरलेली सुपारी तो बोर्डावर चढण्याआधी त्याच्या हातात द्या, आणि खेळ पावसानं रद्द झाला तरी निम्मी रक्कम द्या. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या वर गाणं लिहिणाऱ्याचं नाव छापा. बाई नाचणार असेल तर तिचं मानधन वेगळं ठरवा आणि तिच्याच खात्यावर भरा. आणि घरातलं पोर वहीत रॅप लिहीत असेल, तर त्याची वही काढून घेऊ नका. एखाद्या रविवारी त्याला वाटेगावला न्या, परतताना रेठरे हरणाक्षवरून या, आणि ते गाईल ते एकदा पूर्ण ऐका.